शिकारी कुत्रा आणि धन्याचे व्रत

कुत्रा विकत घेता येतो, कुणाकडून भेट म्हणून मिळतो, क्वचित वाटेवरून उचलूनही घरी आणता येतो. परंतु त्याचे धनीपण असे एका दिवसात हाती येत नाही. ते रोज थोडेथोडे मिळवावे लागते. शिकारी जातीच्या कुत्र्याच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. असा कुत्रा शिकविण्यासाठी जाणकार शिक्षकाच्या हवाली करताना पुष्कळ मालकांची समजूत अशी असते, की बिघडलेले घड्याळ दुरुस्तीला टाकावे, ठरलेली मजुरी द्यावी आणि ठरल्या दिवशी ते चालू स्थितीत घरी आणावे, तसाच हाही एक व्यवहार आहे. परंतु आपण कुणाच्या मनगटावर आहोत याची घड्याळाला जाण नसते. कुत्र्याला आपला सांगाती कोण याची पुरेपूर जाण असते. या एका भेदामुळे सारा व्यवहारच बदलतो. कुत्र्याला शिकविण्याचे काम शिक्षक करील. ते शिक्षण टिकविण्याचे काम मात्र धन्यालाच करावे लागते.

शिकारी कुत्रा म्हटला की बंदूक, हाकारे आणि घनदाट रान डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः गोव्याच्या पेडणे तालुक्यातील हरमलसारख्या किनाऱ्यावरच्या गावात आज जे कुत्रे हौसेने पाळले जातात, त्यांतील कितीतरी मूळचे शिकारीच होत. लहान मुलांशी खेळणारा गरीब स्वभावाचा लॅब्रॅडोर घ्या. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांपाशी पाण्यात काम करीत. पुढे बंदुकीने पाडलेला पक्षी दात न लावता अलगद तोंडात धरून आणावा, यासाठी ब्रिटनमध्ये ही जात जोपासली गेली. बीगल हा वासावरून सशाचा माग काढणारा. आपल्याकडचे कारवान आणि मुधोळ हे नजरेने शिकार हेरून वाऱ्याच्या वेगाने तिच्यामागे धावणारे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ज्या जातीला आश्रय दिला, तिचे चित्र भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवरील चार तिकिटांच्या संचात छापले, आणि पुढे भारतीय सैन्यानेही तिची पिल्ले शिक्षणासाठी घेतली. सांगावयाचे तात्पर्य असे, की घरातला कुत्रा सोफ्यापाशी लोळत असला तरी त्याच्या रक्तात शेकडो पिढ्यांची शिकार आहे. ती विसरून त्याला पाळणे म्हणजे चुलीत निखारे आहेत हे विसरून घराला कुलूप लावण्यासारखे आहे.

हरमलमध्ये हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही, याचे कारण त्या गावाची भूमीच तशी आहे. एका बाजूला अरबी समुद्र. त्याला लागून डोंगराच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचे तळे. वर काजूच्या बागा आणि झुडपांनी भरलेल्या टेकड्या. उत्तरेस केरी आणि तिच्यापलीकडे तेरेखोलची नदी. दक्षिणेस मांद्रे आणि मोरजी. तालुक्याच्या रानांत रानडुक्कर आहे, ससा आहे, कोल्हा आहे, मोर तर शेतात उतरून मिरच्या-भाजीचा फडशा पाडतो. आणि मांद्रे-मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. एका मादीची सुमारे १०० अंडी वाळूच्या एका खड्ड्यात असतात आणि ती उबून पिल्ले बाहेर पडण्यास साधारण ५० दिवस लागतात. मोरजीला ग्रामस्थ आणि वनखाते १९९० नंतरच्या दशकापासून या घरट्यांची राखण करीत आले आहेत. कासवांचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी होते तीही त्याच महिन्यांत. अशा वेळी पट्ट्यावाचून सोडलेला, तल्लख नाकाचा एक कुत्रा एका रात्रीत संपूर्ण घरटे उकरून काढू शकतो. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो. ज्या कामासाठी त्याची जात घडविली गेली, तेच तो करीत असतो.

येथे कायदाही लक्षात घ्यावयास हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी केली, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्या कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ किती व्यापक आहे, हे थोड्यांनाच माहीत असते. प्राणी मारणे हीच केवळ शिकार नव्हे. त्याचा पाठलाग करणे, त्याला हाकून नेणे, सापळ्यात पकडणे आणि तसा प्रयत्न करणे, हे सारे शिकारीतच मोडते. पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी व घरटी बिघडविणे हेही मोडते. मोर आणि ऑलिव्ह रिडले कासव हे पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण लाभलेले प्राणी. त्यांच्या शिकारीस तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराविषयी शेतकऱ्याची तक्रार खरी असते, पण तिचा मार्ग वनखात्याच्या कचेरीतून जातो, कुत्र्याच्या गळ्यातील साखळी सोडण्यातून नव्हे.

मग आजच्या काळात हरमलमध्ये शिकारी कुत्र्याला शिकवावयाचे तरी काय? याचे उत्तर असे, की त्याच्या जुन्या विद्येचा सर्वांत कठीण भाग शिकवावयाचा, तो म्हणजे थांबणे. जाणत्या शिकाऱ्यांच्या लेखीही धावणारा कुत्रा नव्हे, तर धावता धावता धन्याच्या एका शब्दाने थबकणारा कुत्राच शिकलेला मानला जाई. धावण्याची विद्या तो जन्मतःच घेऊन येतो. थांबण्याची विद्या माणसाला द्यावी लागते. समोरून ससा उडाला असता पाय रोवून उभे राहणे, वाळू हुंगता हुंगता हाक ऐकून परत फिरणे, तोंडात धरलेली वस्तू मागताच सोडणे, या तीन गोष्टी ज्या कुत्र्याला येतात, तो रानालाही सुरक्षित आणि गावालाही. आणि ज्या गोष्टीत स्वतःची ऊर्मी आवरावी लागते, ती गोष्ट कुत्रा परक्यासाठी फार काळ करीत नाही.

पूर्वी कोकणात आणि उत्तर गोव्यात गावची मंडळी हाका घालून रानडुकराच्या पारधीस निघत, तेव्हा त्यांच्यासोबत गावठी कुत्री असत. त्या कुत्र्यांना कोणी शाळेत घातले नव्हते. पिल्लू जुन्या कुत्र्यांमागून रानात जाई आणि धन्याच्या पायाशी वाढे. धनी पहाटे बागेत गेला की तेही जाई, तो माडाखाली विसावला की तेही विसावे. शिक्षण म्हणून वेगळे काही नव्हते, कारण सहवास अखंड होता. ती पारध आज कायद्याने संपली आहे, आणि संपली हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर तो सहवासही संपला, ही गोष्ट मात्र ध्यानात येत नाही. आज धनी दिवसभर दुकानात, हॉटेलात किंवा म्हापशाच्या कचेरीत. कुत्रा अंगणात साखळीला. त्या सहवासाची उणीव शिक्षकाला दिलेल्या पैशांनी भरून काढता येईल, असे वाटू लागते, आणि चूक होते ती तेथेच.

धन्याच्या बांधिलकीची एक जुनी साक्ष दगडावर कोरलेली आहे. दहाव्या शतकात, ज्या राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार दक्षिण कोकणावर राज्य करीत होते, त्या राष्ट्रकूटांचा सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातला हा लेख. कर्नाटकातील आतकूर येथील या शिलालेखात मणलेर नावाच्या वीराची हकीकत आहे. त्याच्या पराक्रमावर प्रसन्न होऊन गंग राजा बूतुग याने त्याला हवे ते मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने काळी नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले. पुढे त्या कुत्र्याची एका प्रचंड रानडुकराशी झुंज झाली आणि दोघेही मेले. मणलेराने देवळापुढे त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभा केला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. हा दगड आज बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. त्याच दक्षिणेत बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये कुत्र्यांच्या विनोदाचेही एक स्वतंत्र प्रकरण आहे. राजाच्या पदरी चाकरांची वाण नव्हती. तरीही कुत्र्यांची जाण स्वतः राजाला असावी, असे त्या काळी मानले जाई.

आता कुत्रा शिकतो कसा, ते पाहू. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की अन्नापूर्वी नेमाने एखादी खूण दिली तर पुढे नुसत्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. दोन गोष्टी एकापाठोपाठ, पुनःपुन्हा आणि जवळजवळ घडल्या की कुत्र्याच्या मनात त्यांची गाठ पडते. म्हणून शाबासकी किंवा खाऊ द्यावयाचा तो कृतीनंतर क्षण दोन क्षणांतच. पाच मिनिटांनी दिलेला खाऊ कशाबद्दल मिळाला, हे कुत्र्याला उमगत नाही. तोच न्याय शिक्षेला. पळून गेलेला कुत्रा तासाभराने परत आल्यावर त्याला मारले, तर पळाल्याबद्दल मार बसला असे त्याला कळत नाही. परत आल्याबद्दल बसला, असे कळते. पुढच्या वेळी तो परत येण्यास कचरतो, आणि मालक म्हणतो की कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. येथे वाकडी असते ती नळी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कुत्र्याचे शिक्षण स्थळाला आणि माणसाला चिकटून राहते. शिक्षकाच्या कुंपणात, शिक्षकाच्या आवाजावर जो कुत्रा खिळल्यासारखा बसतो, तोच हरमलच्या वाळूवर, समुद्राच्या गाजेत, मासळीचा वास आणि इतर कुत्र्यांचा गलका चालू असताना मालकाच्या हाकेकडे ढुंकूनही पाहत नाही. मालकाला वाटते, शिक्षकाने फसविले. वस्तुतः कुत्र्याला तो धडा येथे अजून कोणी दिलेलाच नसतो. अंगणात, मग वाडीतल्या रस्त्यावर, मग तळ्याकाठी, मग भल्या पहाटे ओस किनाऱ्यावर आणि शेवटी गर्दीत, असा एकेक पायरीने तोच धडा नव्याने द्यावा लागतो. हे काम शिक्षक कोठवर करणार? तो आपल्या गावी असतो. कुत्रा हरमलमध्ये असतो.

म्हणूनच जेथे कुत्र्याच्या शिक्षणावर जीव अवलंबून असतो, तेथे कुत्रा एकटा कधीच शिकविला जात नाही. अमेरिकेत १९२९ साली ‘द सीइंग आय’ ही अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणारी संस्था स्थापन झाली. तेथे कुत्रा आधीच शिकून तयार झालेला असतो. तरीही तो ज्याला द्यावयाचा, त्या अंध व्यक्तीला संस्थेत येऊन काही आठवडे त्याच्याबरोबर राहून शिकावे लागते. आपल्या देशात २००८ पासून वन्यजीवांच्या चोरट्या व्यापाराचा माग काढण्यासाठी वनखात्यांची श्वानपथके उभी राहिली. महाराष्ट्रालाही ती मिळाली. तेथे प्रत्येक कुत्र्याबरोबर दोन वनकर्मचारी प्रशिक्षण केंद्रात राहून महिनोन्‌महिने त्याच्यासवे शिकतात आणि त्याच्यासवेच कामावर परततात. कातडे वा हस्तिदंत शोधणारे नाक कुत्र्याचे असते, पण त्या नाकाची भाषा वाचणारा माणूस तयार झाला नाही तर ते नाक व्यर्थ जाते. ज्या शिकारी विद्येने पूर्वी रान रिकामे केले, तीच विद्या आज रानाच्या राखणीस लागली आहे, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

धन्याची ही बांधिलकी प्रत्यक्षात म्हणजे काय, हे आता नेमकेपणाने सांगता येईल. पहिली गोष्ट वेळेची. रोज दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटांचा धडा पुरतो. आठवड्यातून एकदा दोन तास दिल्याने ते साधत नाही. धडा कुत्र्याचे मन रमले असतानाच संपवावा. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हरमलचा किनारा खवळलेला असतो, वाटा निसरड्या होतात, आणि बहुतेक मालकांचा नेम मोडतो तो याच दिवसांत. पडवीत बसविणे, थांबविणे, बोलाविणे एवढे जरी चालू ठेवले, तरी ऑक्टोबरात पुन्हा श्रीगणेशा करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. शिक्षकाने इंग्रजी शब्दांवर शिकविलेला कुत्रा घरी येतो, तेव्हा मुलगा त्याला ‘सिट’ म्हणतो, वडील ‘बस खाली’ म्हणतात, आणि आजी कोंकणीतून ‘राव’ म्हणजे थांब, आणि ‘हांगा यो’ म्हणजे इकडे ये, असे सांगते. तीन भाषा आल्याने माणसाचा मान वाढतो. कुत्र्याचा मात्र गोंधळ वाढतो. शब्द कोंकणी असो, मराठी असो की इंग्रजी, एका कामाला एकच शब्द हवा आणि तो घरातील प्रत्येकाने तसाच उच्चारला पाहिजे. कुत्रा शिक्षकाकडे धाडण्यापूर्वीच ही शब्दांची यादी ठरवून ती शिक्षकाच्या हाती द्यावी. तसेच नियमांचे. एकाने ताटातला घास द्यावयाचा आणि दुसऱ्याने त्याबद्दल ओरडावयाचे, अशा घरात तो कुत्रा शिक्षकाचाही राहत नाही आणि घराचाही होत नाही. त्याची गत ना घरचा ना घाटचा अशी होते.

तिसरी गोष्ट व्यायामाची. मैलोगणती धावण्यासाठी घडलेले शरीर आखूड साखळीला बांधून ठेवले, तर त्याची शक्ती भुंकण्यात, कुरतडण्यात आणि चावण्यात बाहेर पडते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हाही मालकाचा गुन्हा आहे. पण मोकळे सोडणे म्हणजे व्यायाम नव्हे. बोलाविणे पक्के होईपर्यंत दहा-पंधरा मीटर लांबीची दोरी पट्ट्याला बांधून फिरवावे. त्यामुळे कुत्र्याला मोकळीक मिळते आणि मालकाची हाक वाया जात नाही. हाक मारली आणि कुत्रा आला नाही, असे दहा वेळा घडू दिले, की त्या हाकेचा अर्थच पुसून जातो. कासवांच्या महिन्यांत मांद्रे-मोरजीच्या बाजूस, विशेषतः रात्री, शिकलेल्या कुत्र्यालाही दोरीवाचून नेऊ नये.

चौथी गोष्ट प्रकृतीची. रानात हुंगणाऱ्या कुत्र्याला गोचीड लागतात आणि त्यांतून रक्ताचे ताप येतात. तेव्हा फिरून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत हात घालून पाहणे हा रोजचा नेम हवा. रेबीजची लस दरवर्षी चुकता कामा नये. गोव्यात २०१४ पासून सरकारच्या सहकार्याने ‘मिशन रेबीज’ची पथके वाड्यावाड्यांतून कुत्र्यांना ही लस टोचत आली आहेत; पण पाळीव कुत्र्याची जबाबदारी पथकावर ढकलता येत नाही. आजारी कोल्ह्याशी झटापट झालेला कुत्रा घरी येऊन मुलांचे हात चाटतो, एवढे स्मरणात ठेवले तरी पुरे.

शिक्षकाची निवड करताना याच कसोट्या लावाव्यात. जो म्हणतो, कुत्रा ठेवून जा आणि दोन महिन्यांनी शिकलेला घेऊन जा, त्याच्यापेक्षा जो म्हणतो, आठवड्यातून दोनदा तुम्ही स्वतः आले पाहिजे, तो श्रेष्ठ. पहिला मालकाची सोय पाहतो, दुसरा कुत्र्याचे हित पाहतो. जो आपली शिकवणी पाहू देत नाही, मारावर भर देतो, किंवा अमुक दिवसांत सारे शिकवून देण्याची हमी देतो, त्याच्यापासून दूर राहावे. पुढे घरी येऊन, मालकाच्या हाती दोरी देऊन, मालकाच्या चुका दाखविणारा शिक्षक मिळाला तर त्याचे बोलणे कडू लागले तरी ऐकावे.

हे सारे करण्यास ज्याला सवड नाही, त्याने शिकारी जातीचा कुत्रा आणू नये, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. त्यात कमीपणा नाही. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. किनाऱ्यावर हंगामात येणारे पाहुणे चार महिने कुत्र्यांना जवळ घेतात, बिस्किटे घालतात आणि मे महिन्यात निघून जातात. मागे राहिलेली कुत्री वाटेकडे डोळे लावून बसतात. घरच्या मालकाची माया अशी हंगामी असून चालत नाही. पिल्लू आणण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून विचारावे, की रोज पहाटे याला कोण नेणार, पावसात कोण नेणार, आणि तो म्हातारा झाल्यावर कोण नेणार. या तीन प्रश्नांना एकाच माणसाचे नाव उत्तर म्हणून आले, तर घरात पिल्लू जरूर आणावे. कारण त्याला धनी मिळाला आहे. मग संध्याकाळी मांद्र्याच्या वाळूत हुंगता हुंगता त्याचे पाऊल कासवाच्या घरट्यापाशी अडखळेल, मागून ओळखीच्या आवाजात ‘राव’ असा एकच शब्द येईल, आणि तो थांबेल.